पंचाक्षरीवरचे निर्बंध

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सकाळी घरात सगळ्यांचा चहा झाला, पंचाक्षरीचा सोडून. तो ओसरीवर स्वेटर घालून, मोबाइलवर युद्धाच्या बातम्या मोठ्या आवाजात लावून बसला होता. आवाज मोठा ठेवण्यामागे हेतू होता. मी इथं आहे, मजेत आहे आणि मला तुमच्या चहाची काडीची गरज नाही, एवढं स्वयंपाकघरापर्यंत पोचावं.

ते पोचत होतं. उमादेवीनं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीच्या पातेल्यात पळी जरा जोरातच फिरवली.

वाटण्या झाल्या तरी चूल एकच राहील, असा पार्वतम्माचा हुकूम होता. त्यामुळे तिचे दोन्ही लेक, थोरला पंचाक्षरी आणि धाकटा सोमेश, एकाच पातेल्यातलं खात होते. शेत तेवढं दोन झालं होतं. दिवाळी सरली आणि पंचाक्षरीनं एक दिवस जेसीबी आणून आपल्या हिश्शातून जाणारी गाडीवाट आडवा चर मारून तोडली. त्या वाटेच्या टोकाला सोमेशचं रान, आणि त्या रानात सोमेशच्या बायकोची, उमादेवीची खव्याची भट्टी. शेजारच्या लिंबाजीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून वळसा घालून माणूस पायी जाऊ शकत होता, पण दुधाचे कॅन लादलेली मोटारसायकल कशी जाणार? भट्टी थंड पडली. गवळ्यांनी थोडे दिवस कळ काढली आणि मग स्वच्छ सांगितलं, "वैनी, येळवसपत्तुर थांबतो. मग आमी भूमच्या भट्टीला दूध घालनार. यकदा तिकडं घातलं की मागं येनं न्हाय."

येळवस आज होती.

निर्बंधांची कल्पना मात्र खुद्द पंचाक्षरीच्याच तोंडून आली होती. त्याची लेक आरोही पुण्यात राज्यशास्त्र शिकत होती. ती सुट्टीला आली, त्या रात्री तो जेवताना तिला सांगत बसला, "रशियाच्या ब्यांका बंद केल्या, तेल घेनं बंद केलं, आनि काय काय बंद केलं. झालं काय? थांबलं युद्ध? ज्याच्यात दम हाय, त्याला निर्बंधानं काय बी होत न्हाय."

"निर्बंध म्हंजी काय गं?" पार्वतम्मानं नातीला विचारलं.

"एखादा देश दुसऱ्याच्या हद्दीत घुसला ना अव्वा, की बाकीचे देश लगेच सैन्य न्हाईत पाठवत. त्याच्याशी देणंघेणं बंद करतात."

"वाळीत टाकायचं, असं सांग की."

"वाळीत न्हाय. ते शिक्षा म्हणून असतं. हे त्यानं ऐकावं म्हणून. ऐकलं की उठवायचं. आणि अन्न-औषध शक्यतो चालू ठेवायचं."

पार्वतम्मानं घास नीट चावून गिळला. ती अक्कलकोटाकडची, घुश्शात आली की कानडी बोलायची आणि ठाम ठरवलं की काहीच बोलायची नाही. त्या रात्री ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाक्षरीला चहा आला नाही.

पंधरवडा होत आला त्याला. अन्न चालू, चव बंद, असा मामला. भाकरी मिळायची, तिच्यासोबत मीठ. बीपीची गोळी मात्र वेळेवर, पाण्यासकट. चष्मा हरवला तर शोधून द्यायला कुणी नाही. अंघोळीचं पाणी ज्याचं त्यानं तापवायचं. युद्धाची बातमी सांगायला तोंड उघडलं की समोरचं माणूस उठून जायचं, आणि त्याला भाकरीपेक्षा हेच जास्त झोंबत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं पळवाट काढली. येरमाळ्याच्या फाट्यावर लिंबाजीचं हॉटेल होतं. तिथं बसून तो चहावर चहा पिऊ लागला. मग उमादेवी तिथं गेली आणि एवढंच म्हणाली, "लिंबाजीमामा, देवीच्या यात्रेकरूंना तुमी पेढे इकता, भट्टी चालू हुती तवा ते कुनाच्या खव्याचे हुते?" लिंबाजी हुशार माणूस. तेव्हापासून पंचाक्षरीची मोटारसायकल फाट्यावर दिसली की त्याच्या हॉटेलातलं दूध संपायचं. मागच्या टेबलावर कप वाजत असले तरी संपायचं.

एवढं करूनही पंचाक्षरी वाळला नव्हता. हे आरोहीच्या ध्यानात आलं होतं. बापाच्या गालावर पंधरा दिवसांच्या मीठभाकरीची काही खूण दिसत नव्हती. आज सकाळी ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे वळता वळता तिच्या नाकात वास शिरला. तिनं आईकडं, भुवनेश्वरीकडं पाहिलं.

"आई, पदरात काय हाय?"

"कुठं काय?"

"शेंगाची चटणी हाय. मला वास येतोय."

भुवनेश्वरीचा चेहरा चोरी सापडलेल्या मुलीसारखा झाला. मग ती एकदम फणकारली. "व्हय, हाय! देते म्या रोज. नवरा हाय माझा. कोरडी भाकर गिळताना बघवत न्हाय मला. तुमी पुस्तकातलं आनून घरात कशापायी लावताव गं?"

उमादेवीचा हात थांबला. "अक्का, तुमीच सगळ्यांत आधी व्हय म्हनलाव हुता."

"म्हनले हुते. तवा भूक लागली नव्हती त्यास्नी."

आरोहीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वर्गात सर म्हणायचे, निर्बंध एकट्यादुकट्यानं लावून चालत नाहीत. एक दार उघडं राहिलं तरी माल आत जातो. ते दार आपली आई असेल, असं तिला वाटलं नव्हतं. शिवाय ज्याच्यावर निर्बंध, तो तिचा बाप होता. रोज सकाळी त्याच्या समोरून कप घेऊन जाताना तिचा जीव खालीवर व्हायचा. पण शेजारी उमाकाकू उभी असायची, तिला काय सांगणार?

"आज तर सगळंच उठतंय," उमादेवी म्हणाली. "येळवस हाय. आज अव्वा त्यास्नी भज्जी वाढनार, आंबील पाजनार. उद्या गवळी भूमला जानार. झालं."

कोपऱ्यात बसलेल्या पार्वतम्मानं आंबिलीच्या मडक्यावर फडकं बांधलं. "येळवशीला आपल्या रानातनं वाटसरू उपाशी गेला न्हाय कधी. माझं पोरगं जाईल व्हय? आज पोटभर वाढायचं. खिरीवर तूप घालून वाढायचं."

"आनि भट्टी, अव्वा?"

"आधी जेवायला घालू. पोट भरलेल्या मानसाला ऐकू जास्त येतं."

उमादेवीला हे पटलं नाही. पण तिनं पातेलं फडक्यानं धरून खाली उतरवलं. सासूपुढं ती हट्ट करत नसे. पातेल्याची किणकिण तेवढी झाली.

*

रानात जाताना सगळी वरात लिंबाजीच्या धुऱ्यावरून गेली. पार्वतम्माला खुर्चीत बसवून सोमेश आणि लिंबाजीनं उचललं होतं. ज्वारी डोक्याएवढी झाली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते आणि चहूकडच्या रानांतून हाका, हसणं, भज्जीचे वास येत होते. येळवशीला आमचा जिल्हा घराला कडी घालून शिवारात राहायला जातो. त्या दिवशी गावात चोराला मोकळं रान असतं, पण चोरही कुणाच्या तरी रानात जेवायला गेलेला असतो.

पूजेची कडब्याची खोप नेहमीच्या जागी, लिंबाखाली उभी होती. आत पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. वाटणीत ती जागा सोमेशकडं गेली होती, त्यामुळे पंचाक्षरीला वर्षातून एकदा का होईना, त्या बाजूला यावंच लागणार होतं. तो आला तो सगळ्यांच्या पुढं, छाती काढून.

भुवनेश्वरी मागं राहिली होती. खोपीकडं जाताना वाटेत भट्टी लागली, आणि तिचे पाय तिथंच थांबले. दिवाळीनंतर ती इकडं फिरकलीच नव्हती. विस्तवाच्या जागी एक कुत्रं राखेत वेटोळं करून झोपलं होतं. कढया मात्र लख्ख होत्या, भिंतीला ओळीनं उलट्या लावलेल्या.

"ह्या कोन घासतं?" दम खायला तिथंच खुर्ची टेकवून उभ्या राहिलेल्या सोमेशला तिनं विचारलं.

"उमा. रोज येते पायी. घासती, वाळवती, लावती आनि माघारी येती."

"दूध न्हाय तर घासायचं कशाला?"

सोमेशनं खांदे उडवले. "म्या बी हेच इचारलं. म्हनली, गंज चढला की मग खरंच बंद पडली असं व्हईल."

भुवनेश्वरी भट्टीजवळ गेली. कुत्र्याला हाकलून तिनं पदर खोचला. पदरातली चटणीची पुडी तिच्या हाताला लागली. ती तिनं काढून लिंबाजीच्या हातात दिली.

"मामा, तुमीच खा."

"मला?"

"खा म्हनलं ना."

पूजा झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. पार्वतम्मा शब्दाची पक्की. पंचाक्षरीच्या ताटात भज्जी आली, उंडे आले, धपाटे आले, खीर आली आणि खिरीवर तूप आलं. पंधरवड्यात त्याला मिळालेली ही पहिली चव. चोरून खाल्लेली चटणी तो हिशेबात धरत नव्हता. त्यानं दोनदा भज्जी मागून घेतली. आंबिलीचा तिसरा पेला संपवून मिशा पुसल्या आणि पंगतीकडं अशी नजर फिरवली की लढाई जिंकलेल्या सेनापतीनं शिकावी.

"काय आरोही? काय म्हनत हुतो म्या? पंधरा दिस टिकले न्हाईत तुमचे निर्बंध. आपल्या देशानंच नव्हतं का तेल घेतलं स्वस्तात? कुनी ना कुनी देतंच असतं."

"देतात अप्पा," आरोही म्हणाली. "पण जग ज्याच्याकडं पाठ करतं, त्याला प्रत्येक गोष्ट चोरून, उशिरा, मागच्या दारानं घ्यावी लागते. रोज. तुम्हांला चहा प्यायला येरमाळ्याला जावं लागत हुतं."

"गेलो की! अडलं का माझं?"

"लिंबाजीमामाकडं दूध हुतं का?"

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. लिंबाजीनं घाईनं तोंडात उंडा कोंबला.

"ते असू दे," पंचाक्षरी म्हणाला. "चर माझ्या रानात हाय, आनि तो ऱ्हानार."

उमादेवी वाढता वाढता थांबली. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलत नसे. तिनं खिरीचं भांडं खाली ठेवलं आणि भट्टीच्या बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिली. सोमेश उठू लागला, पण भुवनेश्वरीनं त्याला हातानंच बसवलं आणि ती स्वतः गेली. दोघी जावा तिथं बराच वेळ कुजबुजत होत्या. परत आल्या तेव्हा भुवनेश्वरी सासूच्या कानाशी लागली. सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि "साकु" म्हणाली. कानडीत त्याचा अर्थ पुरे. मग तिनं आरोहीला बोलावलं, सोमेशला बोलावलं, लिंबाजीलाही सोडलं नाही. पंचाक्षरी तेवढ्यात लिंबाखाली डोळे मिटून पडला होता. पोट भरलेल्या माणसाला ऐकू जास्त येत असेल, पण झोपही येते.

*

उन्हं कलली आणि फेऱ्याची वेळ झाली. आमच्याकडं आंबिलीचं मडकं चुंबळीवर ठेवून घरातल्या थोरल्यानं सबंध रानाला फेरी घालायची. डाव्या हातानं मडकं धरायचं, उजव्या हातातली डहाळी आंबिलीत बुडवून पिकावर शिंपडत जायचं. तो म्हणणार "होलगे होलगे", मागच्यांनी या जुन्या ललकारीला ओ देत ओरडायचं "सालम पोलगे". एकदा उचललेलं मडकं फेरी पुरी होईतो भुईला टेकवायचं नाही. आणि फेरी सगळ्या रानाची, कारण पार्वतम्मा म्हणते त्याप्रमाणं वाटण्या माणसांच्या होतात, ज्वारीला त्या ठाऊक नसतात.

पंचाक्षरीला हा मान फार आवडायचा. त्यानं फेटा सारखा केला, मडकं चढवून घेतलं आणि निघाला. मागं सगळं घर.

"होलगे होलगे!" त्यानं खणखणीत आवाजात पुकारा केला.

मागून काहीच नाही. ज्वारीची पानं तेवढी सळसळली.

त्याला वाटलं, अंतर पडलं असेल. त्यानं मडकं सांभाळत मान किंचित वळवली. सगळे होते. हातभर अंतरावर सोमेश, त्याच्यामागं उमादेवी, आणि आरोही व लिंबाजीनं उचललेल्या खुर्चीत पार्वतम्मा. सगळ्यांची तोंडं मिटलेली.

"होलगे होलगे!"

आता तो बायकोच्या आवाजाची वाट पाहत होता. पंधरा दिवस सगळं घर फिरलं, पण ती फिरली नव्हती. ती ओरडणारच. पण भुवनेश्वरी ज्वारीच्या कणसाकडं पाहत होती, जसं काही तिनं कणीस जन्मात पाहिलं नव्हतं.

शेजारच्या रानांतून ललकाऱ्या येत होत्या. प्रत्येकाच्या पुकाऱ्याला उत्तर होतं. आपण एकटेच या शिवारात असे ओरडतोय की ज्याला कुणी ओ देत नाही, हे पंचाक्षरीला कळलं. मीठभाकरी त्यानं हसत पचवली होती. हे पचेना. आवाज बसल्यासारखं करत तो नुसतंच शिंपडत पुढं चालू लागला, आणि चालता चालता चरापाशी येऊन उभा राहिला.

चर कमरेएवढा खोल होता आणि पंचाक्षरीनं स्वतः जेसीबीवाल्याला सांगून तो रुंद करून घेतला होता. मोटारसायकल अडली, टेम्पो अडला, सगळ्याचा विचार केला होता. येळवशीच्या फेऱ्याचा तेवढा राहून गेला होता. डोक्यावर भरलं मडकं. उडी मारता येईना, उतरता येईना, मडकं ठेवता येईना, माघारी फिरणं तर अशुभ.

"सोम्या, हात दे."

सोमेश पुढं झाला. उमादेवीनं त्याचा शर्ट मागून धरला.

"अगं, मान मोडंल अण्णाची," सोमेश कळवळून म्हणाला. त्याला भाऊ वाईट दिसलेला आवडत नसे. चर मारला त्या दिवशीही तो भावाला जेवायला हाक मारायला गेला होता.

"आरोही, सोमेशच्या मंडळीला सांग," पंचाक्षरी समोर बघत म्हणाला, "म्हनावं, काय पायजे ते बोल. मडकं जड हाय."

आणि उमादेवी पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली. "भावजी, मला तुमचं रान नगं. गाडीवाट पायजे. उद्या गवळी जात्यात माझे. पर म्या तुमचं वाईट काय केलं, ते यकदा सांगा. पंधरा दिस सगळं घर तुमाला इचारतंय, चर कशापायी? तुमी निस्तं युद्धाच्या बातम्या सांगताव."

पंचाक्षरीनं मडकं सावरलं. आंबील मडक्याच्या काठावरून सांडून त्याच्या कानावर आली. मग तो एकदम बोलला, "धाराशिवहून नारळ आनला हुता म्या."

"कसला नारळ?"

"भट्टीचा! भट्टी पहिल्यांदा पेटवायची म्हनून कोर्टाचं काम अर्ध्यात टाकून, नारळ घेऊन यष्टीनं आलो. फाट्यावर उतरलो तर धूर दिसला. माझ्याबिगर पेटवली. थोरला हाय म्या ह्या घरात. थांबायचं तरी हुतं. मग म्हनलं, माझी गरज न्हाय तर माझी वाट कशाला पायजे?"

कुणालाच हे माहीत नव्हतं. भुवनेश्वरीलासुद्धा नाही. पूजेला आलेल्या स्वामींनी मुहूर्त टळतोय म्हणून घाई केली होती आणि पंचाक्षरी संध्याकाळपर्यंत येत नाही, असं सगळे धरून चालले होते. उमादेवीचे डोळे भरले, आणि डोळे भरलेले असतानाच तिला हसूही फुटलं.

"भावजी, चुकलं आमचं. थांबायला पायजे हुतं. पर आता भट्टी थंड हाय नव्हं? तुमीच केलीय. मग परत पेटवायचीच हाय. पेटवा की तुमच्या हातानं."

पंचाक्षरीनं तिच्याकडं पाहिलं. हे त्याला सुचलंच नव्हतं.

"यप्पा," खुर्चीतून पार्वतम्मा म्हणाली, "हट्टातनं खाली उतरायला पायरी मिळाली की उतरावं. दुसऱ्यांदा कुनी पायरी धरत न्हाय."

"उतरतो. पर मडकं?"

"थोरल्यानंच न्यायचं, असं आमच्या सासऱ्यानं ठरवलं हुतं. आज म्या थोरली हाय. दे उमाच्या डोस्क्यावर."

या घरात सुनेनं फेऱ्याचं मडकं कधी घेतलं नव्हतं. भुवनेश्वरीनंच पुढं होऊन जावेच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. सोमेश आणि आरोहीनं मडकं भुईला न टेकवता अलगद इकडून तिकडं केलं. लिंबाजी कुठूनसं फावडं घेऊन आला. ते त्यानं जेवण झाल्यावरच आणून ठेवलं होतं, हे पंचाक्षरीला फार नंतर कळलं. पंचाक्षरी धोतर खोचून चरात उतरला आणि काठावरची माती आत ओढू लागला. सोमेश हातानंच ढेकळं लोटू लागला, आरोही चपला काढून भर तुडवायला उतरली.

"गवळ्यांना फोन लावा की कुनीतरी," पंचाक्षरी धापा टाकत म्हणाला. "सकाळी दूध घेऊन या म्हनावं. भट्टी म्या पेटवनार हाय. आनि म्या आल्याबिगर पेटवायची न्हाय."

लिंबाजीनं फोन कानाला लावला. मोटारसायकल जाईल एवढी वाट भरून झाली. उमादेवी तिच्यावर पाय ठेवून पलीकडं गेली. मडक्याखाली तिची मान ताठ होती. तिनं एकवार मागं पाहिलं, श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुकारा केला.

"होलगे होलगे!"

घरातल्या कुणाचंही तोंड उघडायच्या आधी, चरातून, मातीनं माखलेला पंचाक्षरी फावडं उंचावून ओरडला, "सालम पोलगे!"